जोत्याची उंची

ज्या घरात कित्येक वर्षं चूल पेटलेली नाही, ज्याच्या भिंतींना पुराचं पाणी लागून गेलं आहे आणि ज्याचं माळवद दोन ठिकाणी बसलं आहे, त्या घराचे कोणी बावीस लाख सांगितले की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. मग तो हिशेब मांडायला बसतो आणि हसू मावळतं. बावीस लाख हा आकडा वेडेपणातून आलेला नसतो. त्याला तीन वेगवेगळ्या दिशांनी आधार असतो, आणि तिन्ही आधार आपापल्या जागी खरे असतात.

हे घर शहागडातलं, नदीच्या अंगाचं. धुळे–सोलापूर महामार्गानं छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना गोदावरी ओलांडण्याआधी हे गाव लागतं. अलीकडे अंबड तालुका नि जालना जिल्हा, पूल संपला की गेवराई तालुका नि बीड जिल्हा. घर घ्यायचं आहे माझ्या आतेभावाला, दादांना. त्यांची नोकरी पुण्यात झाली, मूळ मात्र याच पट्ट्यातलं. निवृत्तीनंतर माणसाला नदी आठवते, त्यांनाही आठवली. मला त्यांनी बोलावलं ते कागद वाचायला. दादांच्या मते मी कागद बरे वाचतो. पण तिथं गेल्यावर कागदांपेक्षा घरच जास्त वाचावं लागलं.

किमतीचा पहिला आधार महामार्ग. रस्ता चौपदरी झाल्यावर त्याच्या कडेच्या जागांचे भाव चढले आणि गावातल्या प्रत्येक उंबऱ्याला आपणही रस्त्यालाच आहोत असं वाटू लागलं. दुसरा आधार स्लॅबचा. घराच्या पुढच्या बाजूला ऐंशीच्या दशकात बांधलेल्या सिमेंटच्या दोन खोल्या आहेत, आणि मालकाच्या लेखी घराची खरी किंमत तीच. मागचं पाच खणांचं धाब्याचं घर म्हणजे नुसता पडीक माल, घेणाऱ्यानं पाडून टाकायचा. तिसरा आधार आठवणींचा. तो बोलण्यात येत नाही, पण आकड्यात येतो. डॅनियल कानेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग वाटले आणि मग विकायला सांगितले. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेली किंमत, ज्यांच्या हातात नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. मग हाती येऊन फार वेळही झाला नव्हता. इथे तर तीन पिढ्यांची बाळंतपणं झाली आहेत.

दुप्पट भाव कापून निम्म्यावर आणणं हे दलालाचं काम, ते होईल. मला वाटतं, या घरात किमतीआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे. घराला पाणी लागलं आहे, पण ते दोन प्रकारचं आहे. एक वरून आलं, एक खालून. विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघंही 'पाण्यानं खराब झालेलं घर' म्हणून दोन्ही पाण्यांची एकच वजावट धरतात, आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

मागच्या धाब्याच्या घराला वरचं पाणी लागलं. माळवद ही माणसांच्या वस्तीवर जगणारी गोष्ट आहे. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट किंवा किलच, त्यावर पाला नि मातीचा चिखल आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. ही माती ओली झाली की गच्च बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. पण दरवर्षी मृगाआधी कोणीतरी वर चढून गवत उपटायला हवं, भेगा बुजवायला हव्यात, पाटीभर पांढरी माती पसरून धुमसायला हवी, पन्हाळी मोकळी करायला हवी. दोन वर्षं कोणी चढलं नाही की मुळं आत जातात, मुळांच्या वाटेनं पाणी जातं, आणि ओल्या लाकडाला उधई शोधत येते. या घराच्या दोन खणांवर नेमकं हेच झालं आहे. उरलेले तीन खण कोरडे आहेत. तळखड्यांवरचे सागवानी खांब हाताच्या बोटांनी वाजवले तर भरीव आवाज देतात. ढाळजेतली चौकट अजून काटकोनात आहे.

खालचं पाणी पुढच्या खोल्यांना लागलं. भिंतींना कमरेच्या वरपर्यंत नवा रंग दिलेला आहे, आणि फक्त तिथवरच. जिथे नवा रंग संपतो ती रेघ म्हणजे पुराची रेघ, हे सांगायला अभियंता लागत नाही. (विकायच्या घराला रंग देणाऱ्यानं एकतर पूर्ण द्यावा किंवा देऊच नये.) रंगाखालून पांढरा खार फुटला आहे. पाणी ओसरल्यावर भिंत जमिनीतली ओल वर ओढत राहते, ओलीबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार गिलाव्याच्या पाठीशी साचून त्याला आतून ढकलत राहतात. सिमेंटचा गिलावा ओल बाहेर सोडत नाही म्हणून ती आणखी वर चढते. स्लॅबच्या पोटाला सळईच्या रेषेत भेगा आहेत. लोखंड गंजताना फुगतं आणि काँक्रीटला फोडतं. एकदा हे सुरू झालं की वरून लावलेला लेप म्हणजे त्या नव्या रंगाचाच भाऊ.

शेजारच्या ओट्यावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. "मावशी, दोन हजार सहाच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारलं. त्यांनी आधी पुढच्या खोल्यांच्या खिडकीकडे बोट केलं आणि मग मागच्या घराच्या पायऱ्यांकडे. "हितं वरून दुसऱ्या पायरीपस्तोर आलतं. वर न्हाई चढलं. वर कधीच न्हाई."

एकाच भिंतीनं जोडलेली दोन घरं. एकात पाणी कमरेवर, दुसऱ्यात उंबऱ्याच्या खाली. फरक फक्त जोत्याचा. मागच्या घराचं जोतं दगडी, पाच पायऱ्यांचं. पुढच्या खोल्या अंगणात, जवळजवळ सपाटीवर बांधलेल्या. एकाच कुटुंबातल्या एका पिढीनं पाच पायऱ्या चढून राहायचं ठरवलं आणि पुढच्या पिढीनं खाली उतरायचं. आधीची पिढी भित्री होती आणि नंतरची मूर्ख, असं मला वाटत नाही. दोघींच्या मध्ये जायकवाडी आलं.

पैठणच्या या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सुमारे १०२ टीएमसी पाणी साठवणारा नाथसागर वरच्या अंगाला उभा राहिला, आणि खालच्या गावांना पहिल्यांदाच नदी सांभाळणारं कोणीतरी मिळालं. छोटे पूर धरणात जिरू लागले. काही पावसाळ्यांत नदीनं पात्र सोडलं नाही. मग माणसाच्या मनातली पाणरेषा हळूहळू खाली सरकली. अंगणात गोठा झाला, गोठ्याची खोली झाली, खोलीवर स्लॅब पडला. अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यानं १९४५ साली छापलेल्या आपल्या प्रबंधात हेच मांडलं होतं. पूर आणणं निसर्गाच्या हाती असलं तरी नुकसान बहुतेक माणूसच ओढवून घेतो, आणि बांध-धरणांनी आलेल्या निर्धास्तपणामुळे लोक पाण्याच्या जास्त जवळ सरकतात. त्याच्या समोर अमेरिकेतल्या नद्या होत्या. शहागडच्या अंगणातल्या दोन खोल्यांनाही ते लागू पडतं.

धरण छोटा पूर गिळतं, मोठा गिळत नाही. उलट तो एका ठरावीक वेळी, दरवाजातून, सायरन वाजवून सोडतं. जायकवाडी सिंचनासाठी आहे. पावसाळा संपताना ते भरलेलं असावं हीच त्याची कामगिरी. त्यामुळे भाद्रपदात किंवा त्याच्या आगेमागे धरण काठोकाठ असताना वर नाशिक-इगतपुरीकडे, दारणा-गंगापूर, भंडारदरा-मुळेच्या खोऱ्यांत जोराचा पाऊस झाला की आलेलं पाणी तसंच खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. शहागडात लख्ख ऊन असताना पूर येतो तो असा. २००६च्या ऑगस्टमध्ये विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या आसपास गेला, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख लिटर. पैठण शहर पाण्यात गेलं, खालच्या काठावरची गावं गेली. २०२५च्या सप्टेंबरअखेरीस पुन्हा मोठा विसर्ग झाला आणि काठावरच्या माणसांना घरं सोडून हलावं लागलं. जुन्या लोकांनी जोतं बांधलं तेव्हा धरण नव्हतं, क्युसेक हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. तरी त्यांचा अंदाज दोन पायऱ्यांच्या फरकानं बरोबर निघाला, कारण तो अंदाज आठवणीतून बांधला होता. गावात कोणाच्या तरी आजोबांनी पाणी कुठवर पाहिलं, त्याच्या वर हातभर. एवढंच त्यांचं जलविज्ञान.

यामागे आणखी जुनी समज आहे. आपल्याकडे शिवार काळीत आणि गाव पांढरीवर. काळी माती पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यात कापूस येतो, पण भिंत टिकत नाही. पांढर म्हणजे पडलेल्या घरांची माती, चुलीची राख, शेण, खापऱ्या यांचं शतकानुशतकं साचत गेलेलं उंच टेकाड. घर पडलं की त्याची माती तिथेच पसरायची आणि नवं घर वीतभर वर यायचं. गोदा-प्रवरेच्या काठांवर पुरातत्त्ववाल्यांना वस्त्या सापडल्या त्या अशाच पांढरींत. हसमुख सांकलियांनी नेवाशाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे भीमेच्या खोऱ्यात इनामगावला खणलं तेव्हा एकावर एक बसलेल्या घरांच्या जमिनी निघाल्या. म्हणजे आपल्या खेड्यांची उंची ही मोडलेल्या घरांची बेरीज आहे. सोडून दिलेलं घर विकत घेणं या काठावर काही नवं नाही. फक्त पूर्वी ते पायाखाली घेत, आता खरेदीखत करून घेतात.

वराहमिहिरानं बृहत्संहितेच्या वास्तुविद्येच्या अध्यायात जमीन पारखायच्या ज्या रीती दिल्या आहेत त्यांतल्या दोन मला या अंगणात उभं राहून आठवल्या. हातभर खोल खड्डा खणायचा आणि निघालेल्या मातीनंच तो भरायचा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी रीत अशी की खड्डा पाण्यानं भरायचा, शंभर पावलं चालून परत यायचं आणि पाणी किती उरलं ते बघायचं. तेवढंच असेल तर जागा चांगली. पहिली परीक्षा जमिनीचा घट्टपणा मोजते. दुसरी मात्र काळ्या मातीच्या मुलखात फसवते. वैशाखात भेगाळलेल्या काळीत पाणी दहा पावलांत नाहीसं होईल आणि भाद्रपदात फुगलेल्या त्याच जमिनीत शंभर पावलांनंतरही थेंबभर कमी होणार नाही. जमीन तीच, महिना वेगळा, निकाल उलटा. आणि पूरकाठावर पाणी न पिणारी जमीन म्हणजे आलेलं पाणी लवकर न सोडणारी जमीन. वराहमिहिर उज्जैनीकडचा, त्याला दोष कशाला द्यायचा.

महिन्याचा हा मुद्दा मात्र व्यवहारात फार मोठा आहे. घरं विकायला निघतात उन्हाळ्यात. तेव्हा पोरंबाळं गावी आलेली असतात, भावकी जमलेली असते, सह्या एकाच फेरीत होतात. त्या दिवसांत पुलावरून खाली पाहिलं तर नदी कुठे आहे ते शोधावं लागतं. हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ अशा बंधाऱ्यांच्या फुगवट्यात जे अडलं असेल तेवढं पाणी, बाकी वाळू, आणि वाळूच्या जागी उपशानं झालेले खड्डे. २०१३ आणि २०१६च्या उन्हाळ्यांत तर जायकवाडीच मृतसाठ्याखाली गेलं होतं. अशा मे महिन्यात गिऱ्हाईक या घराच्या गच्चीवर उभं राहून पूर येतो यावर विश्वास ठेवणार नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हेच तो विचारील. दोन्ही प्रश्न एकाच घराचे आहेत, पण त्याला त्या वेळी एकच सुचतो.

या काठावर नदीनं मोठमोठे हिशेब फिरवले आहेत. पलीकडे राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी जी लढाई झाली तिचा निकाल अर्धा पेशव्यांच्या फौजेनं लावला आणि अर्धा गोदावरीनं. निजामअली मुख्य सैन्यासह नदी ओलांडून औरंगाबादच्या बाजूला गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला होता. नदी चढली. अठरा वर्षांच्या माधवरावानं तेवढ्यात दक्षिण काठ गाठला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला ते पलीकडून पाहण्यापलीकडे काही करता आलं नाही. श्रावण-भाद्रपदातली गोदा हिशेबात न धरता मुक्काम टाकला, एवढीच विठ्ठल सुंदरची चूक.

तिथून जवळच पांचाळेश्वर आहे. महानुभावांचं आत्मतीर्थ, दत्तात्रेयांचं स्थान. हे देऊळ काठावर नाही, थेट पात्रात आहे. मोठा विसर्ग झाला की ते पाण्याखाली जातं, ओसरला की बाहेर येतं, लोक गाळ काढतात, धुतात, पूजा सुरू होते. बांधणाऱ्यांनी ते घडीव दगडाचं, जड, खिडक्या-फळ्यांविना बांधलं, कारण त्यांना पाणी टाळायचं नव्हतं. म्हणजे या नदीकाठी टिकायच्या वाटा दोनच आहेत. एकतर पांचाळेश्वरासारखं पाण्यात राहण्यासाठीच बांधायचं, नाहीतर मागच्या पाच खणांसारखं त्याच्या वर. पुढच्या दोन खोल्या यांतल्या कशातच बसत नाहीत. त्यांच्यात विजेची बटणं कमरेच्या उंचीवर आहेत आणि कपाटं प्लायवूडची.

इतकं पाहिल्यावर मला मालकाची किंमत नुसती जास्त नाही तर उलटी वाटते. ज्याचं तो मोल मागतो ते पाडायचं आहे, आणि जे तो फुकट देतो ते राखायचं आहे. वरचं पाणी हे दुर्लक्षाचं पाणी. त्याला औषध आहे. दोन खणांचं माळवद उतरवायचं, कुजलेले किलच बदलायचे, उधईचं लाकूड काढून नवं घालायचं, परत माती चढवायची. मातीची भिंत पडली तर तिचीच माती मळून पुन्हा रचता येते, कारण या घरांत छपराचं ओझं भिंतींवर नसतंच, खांबांवर असतं. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गाडली गेली आणि तेव्हापासून मराठवाड्यात माळवदाचं नाव बदनाम झालं. ते अन्यायाचं नव्हतं. माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेली माती भयंकर जड होते आणि ती उतरवलीच पाहिजे. पण त्याच भूकंपात लाकडी खांबांवर छप्पर पेललेली काही घरं भिंती ढासळूनही उभी राहिलेली अभियंत्यांनी पाहिली, हे फारसं कोणी सांगत नाही. मालकानं 'पडीक' म्हणून बाजूला टाकलेलं घर त्या जातीचं आहे.

खालचं पाणी मात्र जागेचं पाणी आहे आणि जागा दुरुस्त होत नाही. जलसंपदा खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बंधनं. 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे ऐकून लोकांना वाटतं की एकदा येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. गणित तसं म्हणत नाही. दरवर्षी पंचवीसात एक शक्यता धरली तर पुढच्या पंचवीस वर्षांत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात ६४ निघते. शंभर वर्षांच्या पुराचीसुद्धा त्याच काळात शंभरात २२. दादा साठीचे आहेत. त्यांच्या उरलेल्या आयुष्यात पुढच्या खोल्यांमध्ये पाणी येईल असं धरूनच चालायला हवं, आणि पाचव्या पायरीवर ते येईल का, यावर खरी पैज लागेल. त्या पैजेवर मी पैसे लावीन, पण सगळे नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, आणि तो कर कोण भरतो ते सांगतो, मालक कोण ते नव्हे. स्वामित्व योजनेत २०२० नंतर ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देणं सुरू झालं, ती असेल तर बरं. त्याआधीचं सगळं निजामी अमलापर्यंत जातं, उर्दू नि मोडीत. शेजारच्या अंतरवाली सराटीतल्या २०२३च्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निजामकालीन दप्तरांतल्या नोंदींना किती मोल असतं हे सबंध महाराष्ट्राला कळलं. घरांच्या बाबतीत आम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं. रेडी रेकनर गावठाणाचा दर सांगतो, पण त्याला पायऱ्या मोजता येत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १८८२ पासूनचं कलम ५५ विक्रेत्याला मोठे दोष उघड करायला सांगतं, पण फक्त असे जे गिऱ्हाईकाला साध्या काळजीनं दिसणार नाहीत. कमरेवर संपणारा नवा रंग दिसतो. त्यामुळे उद्या पाणी आल्यावर कोर्टात जायला तोंड राहत नाही.

कायद्यापेक्षा सह्या अवघड. घर ओस का पडलं याचं उत्तर नदीत शोधणाऱ्यानं वारसनोंद वाचावी. वडील गेले, पाच वारस, त्यांतल्या दोन मुली, आणि वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वाटा मुलांइतकाच. एकाला विकायचं होतं, दुसऱ्याला राखायचं होतं, तिसरा बोलत नव्हता. ज्या वर्षी कोणीच मृगाआधी माळवदावर चढलं नाही, त्या वर्षी घराला पहिलं पाणी लागलं. गोदावरी त्यानंतर आली. पाचांपैकी एका बहिणीनं हक्कसोड करायला ठाम नकार दिला म्हणून तिला भावकीत अडेल ठरवलं गेलं आहे. मला ती एकटी शहाणी वाटली. बावीस लाखांचे पाच वाटे करताना आपला वाटा माहेरच्या ओढीपोटी सोडून द्यावा, अशी अपेक्षा नेहमी एकाच बाजूकडून असते.

कौटिल्यानं वास्तुविक्रयाची जी पद्धत सांगितली आहे तिच्यात हा गुंता आधीच धरला आहे. घर विकायचं तर पहिला हक्क नातलगांचा, मग शेजाऱ्यांचा, मग धनकोंचा, त्यानंतर बाहेरच्यांचा. शेजारच्या चाळीस कुळांसमोर, त्या घरापुढे उभं राहून, सीमा जशा आहेत तशा सांगायच्या आणि या किमतीला कोण घेतो असं तीनदा पुकारायचं. चढाओढीनं किंमत वाढली तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजकोषात. या शेवटच्या नियमाचं मला कौतुक वाटतं. वाढीव भाव ना विकणाऱ्याचा ना घेणाऱ्याचा. मग फुगवून सांगण्यात रस कोणाला उरणार? आणि चाळीस शेजारी समोर उभे असताना पाणी कुठवर आलं होतं हे दडवताही येत नाही. शेजारच्या मावशींनी एका वाक्यात जे सांगितलं, ते कोणत्याही शोध अहवालात लिहिलेलं नव्हतं.

आता उलट टोक बघा. सिसिलीतल्या साम्बुका गावानं २०१९ साली आपली ओसाड घरं एक युरोला विकायला काढली. अट एवढीच की ठरलेल्या मुदतीत घर दुरुस्त करायचं, त्यासाठी अनामत ठेवायची. तिथे किंमत जवळजवळ शून्य आणि जबाबदारी पुरी. आपल्याकडे किंमत पुरी आणि जबाबदारी शून्य. बावीस लाख देऊन घर घेणारा ते उद्याही कुलूप लावून तसंच सोडू शकतो आणि त्याला कोणी विचारणार नाही. मला वाटतं घर ओस पडण्याची भीती किमतीत नाही, या निर्धास्तपणात आहे. गावठाणात घर घेणाऱ्याला दर मृगाला माळवद दाखवावं लागलं असतं, तर शहागडाची निम्मी पांढर अजून उभी दिसली असती.

दादांना मी जे सांगितलं ते असं. पुढच्या दोन खोल्यांचे पैसे द्यायचे नाहीत. उलट त्या पाडायचा खर्च वजा करायचा, आणि ती जागा अंगण म्हणून मोकळी ठेवायची, म्हणजे पाणी आलं तर येऊन जाईल. मागच्या पाच खणांचे पैसे जागेच्या भावानं द्यायचे, सागवान वेगळं धरायचं, कारण ते खरोखर वेगळं आहे. आठवणींचे पैसे द्यायचे नाहीत, त्या विकणाऱ्यांच्याच राहतात. जी रक्कम येते ती मागितलेल्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी आहे. आणि हे घर दादांनी घ्यावं ते फक्त ते स्वतः तिथे राहणार असतील, वर्षातून एकदा शिडी लावणार असतील तरच. वहिनींना पुण्यातून हलायचं नाही, हे मला माहीत आहे. दादांनाही माहीत आहे, पण ते तो विषय काढत नाहीत. वहिनींची सही खरेदीखतावर लागणार नाही, म्हणून ती कोणी हिशेबात धरलेली नाही. माझ्या मते पाच वारसांच्या सह्यांइतकीच ती महत्त्वाची आहे.

बोलणी सध्या अडली आहेत. वारसांपैकी मोठा भाऊ म्हणतो, दिवाळीला सगळे येतील तेव्हा बसू. मी दादांना म्हटलं, बसा, पण विसार देण्याआधी भाद्रपदात एकदा जाऊन त्या तीन खणांत आठ दिवस राहून या. वहिनींना घेऊन.